सोळा-सतरा नको, चोवीस-पंचवीस

चपला बाहेर काढा. आत कॉम्प्युटर आहेत, आणि १९९७ साली पुण्यात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कोणी जात नाही. अरुंद लाकडी जिना, खाली कागदाचं दुकान, वर दाराशी पाटी: ‘मराठी-इंग्रजी डीटीपी, लेसर प्रिंट, थिसिस’. ही नारायण पेठ. गणपती उठलेत, पितृपक्ष चालू आहे आणि एका दिवाळी अंकाचा दुसरा फर्मा अजून छपाईला जायचा आहे. तुम्ही इथले नवे ले-आउट आर्टिस्ट. निदान इथली माणसं तसं समजतात. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात हे सांगायच्या भानगडीत पडू नका. सांगितलंत तर ऑपरेटर ताई मान वर न करता विचारतील, “मग येताना थोडी रॅम आणायची होतीत की.”

ताईंचं टेबल बघून घ्या, कारण आजचा दिवस इथेच जायचा आहे. पंधरा इंची फुगीर मॉनिटर, त्याची खोळ घडी करून बाजूला ठेवलेली. ३२ एमबी रॅम, आणि तेवढ्याचाही या खोलीत अभिमान आहे. यंत्राच्या पाठीमागे प्रिंटरच्या केबलच्या आधी काडेपेटीएवढा एक डबा खोचलाय, तो डोंगल. तो काढला की मराठी फॉन्टचं पॅकेज चालत नाही, म्हणून रात्री दुकान बंद करताना मालक गल्ला आणि डोंगल दोन्ही घरी नेतात. ताई मूळच्या मराठी टायपिस्ट. टाइपरायटरचा कळफलक बोटांत इतका भिनलाय की बोलता बोलता पान संपतं.

विंडोज ९५ उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण बारा वर्षं मागे, अमेरिकेच्या सिॲटल शहरात डोकावून येऊ. १९८५ साल. वृत्तपत्रांसाठी संगणक बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या पॉल ब्रेनर्डने काही इंजिनियर सोबत घेऊन ‘आल्डस’ नावाची कंपनी काढली आहे. नाव व्हेनिसच्या जुन्या मुद्रकावरून, आल्डस मनुशियसवरून. त्यांचं पान लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर मॅकिन्टॉशवर चालतं, ॲपलचा लेसर प्रिंटर आणि पान प्रिंटरला समजावणारी ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा जोडीला. पडद्यावर पांढरं पान आहे आणि पानाभोवती मोकळी जागा, जिथे चित्रं आणि मजकुराचे तुकडे काढून ठेवायचे. तुम्हाला ती जागा ओळखीची वाटेल. कातर, मेण आणि पट्टी घेऊन पानं चिकटवणाऱ्या कलाकाराचं ते टेबलच आहे, फक्त काचेच्या आड गेलेलं. या माणसांचं काम चोख आहे. पण त्यांच्या हिशेबात अक्षर म्हणजे एकामागून एक सुटी उभी राहणारी गोष्ट, आणि एका फॉन्टमध्ये २५६ घरं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लागते, रफार नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही आणि त्यांनी विचारलेलंही नाही. चला, परत. विंडोज उघडलं.

आता कंपनी ॲडोबीची झालीय, १९९४ पासून. ताईंच्या पडद्यावर पेजमेकर ६.५ आहे, नवं कोरं. त्या तुम्हाला खुर्ची देतात आणि संपादक आत येतात.

संपादकांच्या हातात दोन गोष्टी आहेत: कोकण रेल्वेवरचा लेख, आणि पारदर्शक पाकिटात रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलाची रंगीत ट्रान्स्परन्सी. ६४ मीटर उंच खांब, खाली झाडी, वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणारी पुलाची रेघ. दरीच्या एका कडेला बांधायचा आणि तयार भाग पुढे पुढे सरकवत न्यायचा, अशा पद्धतीने उभा राहिलेला पूल. हे चित्र एका पानात कोंबणं हा गुन्हाच. “डबल स्प्रेड करा,” संपादक म्हणतात, “सोळा-सतरावर.”

कोपऱ्यात प्रूफं बघत बसलेले काका चष्मा कपाळावर घेतात. काका चाळीस वर्षं छापखान्यात होते. आधी खिळे जुळवले, मग पेस्टिंग केलं, आता प्रूफं वाचतात. ते एवढंच म्हणतात, “सोळा-सतरा नको, साहेब. चोवीस-पंचवीस घ्या.”

संपादक तुमच्याकडे बघतात. तुम्ही पडद्याकडे बघता. पडद्यावर तर सोळा-सतरा छान शेजारी शेजारी दिसताहेत.

काका एक कोरा कागद तुमच्या पुढ्यात सारतात. तुम्हीच करा. कागद मधोमध दुमडा. पुन्हा दुमडा. तिसऱ्यांदा दुमडा. आता ही आठ पानांची, म्हणजे सोळा पृष्ठांची चोपडी झाली. हाच एक फर्मा. २० बाय ३० इंचांचा डबल क्राऊन कागद असा दुमडला की साडेसात बाय दहाचं पान मिळतं, ते छाटून अंक होतो. न फाडता, कोपरे उचलून पृष्ठांवर एक ते सोळा आकडे टाका. मग कागद उलगडा. काही आकडे उलटे, काही सुलटे, दोन आणि तीन कागदाच्या दोन टोकांना फेकलेले. वाचताना एकमेकांसमोर येणारी बहुतेक पानं कागदावर त्याच क्रमाने एकमेकांच्या शेजारी नसतात. फक्त आठ आणि नऊ त्याच क्रमाने खेटून, एकाच अखंड कागदावर असतात. दुसऱ्या फर्म्यात तीच जागा चोवीस आणि पंचवीसची. आणि सोळा-सतरा? सोळा पहिल्या फर्म्याचं शेवटचं पान, सतरा दुसऱ्याचं पहिलं. दोन वेगळे कागद, बहुधा दोन वेगळे दिवस. सोमवारी मशिनमनने निळी शाई जरा सढळ सोडली आणि बुधवारी हात आखडला, तर तुमच्या पुलाचं अर्धं आभाळ श्रावणातलं आणि अर्धं वैशाखातलं.

शिवाय दुसऱ्या फर्म्याच्या एका अंगाला चार रंग आहेत आणि पाठीला नुसता काळा. उलगडलेल्या कागदावर चोवीस-पंचवीस त्याच रंगीत अंगाला येतात. तिथे आधी जागा घेतलेल्या जाहिरातवाल्याला एकवीसवर सरकवलं की काम झालं. एकवीसही त्याच बाजूला आहे, त्याचाही रंग जात नाही. हा सगळा हिशेब काकांनी डोक्यात केला. आजच्या कुठल्याही ले-आउटच्या वर्गात पहिल्या दिवशी हा कागद दुमडायला द्यावा असं माझं मत आहे. माउस दुसऱ्या दिवशी दिला तरी चालेल.

चला, कामाला लागा. डॉक्युमेंट सेटअपमध्ये फेसिंग पेजेस. मास्टर पानावर दोन-दोन कॉलम. आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवा, कारण अंकाला बाजूने पिना मारणार आहेत आणि पिन मारली की घडीजवळचा पाव इंच वाचकाच्या हाती लागत नाही. चित्र सगळ्या कडांपर्यंत न्यायचंय, म्हणून छाटणीच्या रेषेबाहेर पाव इंचाचा निम्मा भाग जास्तीचा सोडा.

चित्र येईल कुठून? स्कॅनिंग सेंटरवरून. छापील जाळी इंचाला १५० ओळींची, म्हणून स्कॅन इंचाला ३०० ठिपक्यांचं. साडेचौदा बाय साडेनऊ इंच, चार रंग: गुणाकार करून बघा, जवळजवळ ५० एमबी होतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत हे न्यायचं तर पस्तीस फ्लॉप्या लागतील. म्हणून सेंटरवाला मुलगा झिप ड्राइव्हच आणतो, काखेत पिशवी धरावी तसा. ताईंच्या ३२ एमबीच्या यंत्रात हे चित्र उघडायचा विचारही करू नका. तुम्हाला त्याची हलकी, खडबडीत प्रत मिळेल. ती जागेवर बसवा आणि प्रेफरन्सेसमध्ये जाऊन चित्रं ‘ग्रे आउट’ करा, नाहीतर पान इकडचं तिकडे सरकवलं की चहा पिऊन येईपर्यंत पडदा पुन्हा रंगत बसेल. आता पूल दिसत नाही, नुसता करडा चौकोन दिसतो. घडीवर पुलाचा कुठला खांब येतो हे तुम्हाला मूळ ट्रान्स्परन्सी खिडकीशी धरून, पट्टीने मोजून ठरवायचं आहे. खांब घडीत जाता कामा नये. चित्र थोडं डावीकडे ओढा, घडी दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या झाडीत येऊ द्या.

शीर्षक संपादकांनी दिलंय: ‘डोंगर फोडून आली गाडी’. तुमच्या मनात येईल, मोठ्या अक्षरात दोन ओळींत डाव्या पानावर लावू. लावून बघा. ‘फोडून’मधल्या डूचा उकार खालच्या ओळीतल्या ‘गाडी’च्या वेलांटीत घुसतो. इंग्रजी मथळ्याला ओळींतलं जे अंतर ऐसपैस वाटतं, ते मराठीला श्वास घ्यायलाही पुरत नाही. वर मात्रा, वेलांट्या, रफार, खाली उकार, ऋकार. काका मागून म्हणतात, “खिळ्यांत हे झालं नसतं हो. शिशाला शिसं अडायचं. उकार खिळ्याच्या अंगातच असायचा, त्याच्यावर दुसरं काही चढूच शकत नव्हतं. तुमच्या पडद्यावर कुणीही कुणावर चढतं.”

मग एका ओळीत, दोन्ही पानांवर पसरून? हे जास्त देखणं, आणि जास्त धोक्याचं. रोमन अक्षरं सुटी असतात. घडीवर एखादं अक्षर केसभर वरखाली झालं तरी डोळा चालवून घेतो. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर सलग रेघ आहे. कागद दुमडताना एक मिलिमीटर सरकला तर शब्दाच्या मधोमध शिरोरेषेला पायरी पडते, आणि ती पायरी वाचकाला लेखाच्या आधी दिसते. चोवीस-पंचवीस अखंड कागदावर आहे म्हणून छपाईत अक्षरं जुळून येतील, पण पिना आणि दाब मधला भाग गिळणारच. तेव्हा घडीवर शब्द नको, शब्दांमधली जागा हवी. डावीकडे ‘डोंगर फोडून’, उजवीकडे ‘आली गाडी’. मधलं अंतर नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त सोडा. पडद्यावर भोक पडल्यासारखं दिसेल, दिसू दे. अंक हातात आल्यावर ते बरोबर दिसेल. पडदा सपाट असतो, अंक सपाट उघडत नाही, हे या धंद्यातलं अर्धं शहाणपण.

आता मजकूर. ताईंनी टाइप केलेली फाइल ‘प्लेस’ करा, कॉलममध्ये क्लिक करा, मजकूर धबधब्यासारखा खाली उतरतो. पण आधी दोन गोष्टी बंद करा, ताईही तेच सांगतील. एक, हायफनेशन. सॉफ्टवेअरला हा मजकूर इंग्रजीच वाटतो. ‘बोगदा’ हा शब्द त्याच्या लेखी मराठी नाहीच, काही विचित्र लॅटिन चिन्हांची रांग आहे. फॉन्टने त्या चिन्हांच्या जागी आपले अर्धे ग, काने, वेलांट्या चितारून ठेवल्या आहेत. हायफनेशन चालू राहिलं तर ते ती रांग त्याच्या नियमाने कुठेही तोडेल. दुसरं, सरळ अवतरणचिन्हांची आपोआप गोल चिन्हं करणारी सोय. त्या चिन्हांच्या घरात मराठी फॉन्टने भलतंच काहीतरी बसवलेलं असू शकतं. सॉफ्टवेअर शहाणपणा करायला जातं आणि पानभर मात्रा उडतात.

आणि गंमत बघायची असेल तर एक परिच्छेद निवडा, फॉन्ट बदलून साधा टाइम्स करा. मराठी क्षणात गायब. डोक्यावर टिंबं नि टोप्या घातलेल्या युरोपी अक्षरांचा ढीग. कॉम्प्युटरने खरोखर साठवून ठेवलंय ते हे. ताई हसतात आणि अनडू करतात. त्यांना हे रोजचं आहे. तुम्ही मात्र हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटच्या कॉलमच्या तळाशी लाल त्रिकोण आलाय. म्हणजे मजकूर उरलाय, जागा संपलीय. अकरा ओळी जास्त आहेत. अक्षरं बारीक करू नका. दिवाळी अंक फराळानंतर दुपारी आडवं पडून वाचायची चीज आहे, आणि वाचणाऱ्यांत आजोबाही असतात. संपादकांना ओळी कापायला सांगा. ते कुरकुरतात, मग करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यावरचा परिच्छेद आवळतात. पण शेवटचं वाक्य त्यांना सापडत नाही. गाडी मुंबईहून थेट मंगळूरपर्यंत कधी धावणार? पेडण्याच्या बोगद्यातली माती ढासळते आहे, काम अडलं आहे. “लवकरच, असं लिहावं का?” ते तुम्हाला विचारतात. तुम्हाला उत्तर माहीत आहे: २६ जानेवारी १९९८. जीभ चावा. ‘लवकरच’ ठीक आहे.

प्रूफ. काका लाल पेनने वाचतात, ओठ हलतात. ‘दऱ्या’मधला ऱ्या नीट उमटलाय का हे दोनदा बघतात. मग मजकूर ट्रेसिंगवर लेसरने काढायचा, चित्राच्या चार रंगांच्या चार फिल्म्स सेंटरवरून यायच्या, त्या मजकुराशी जुळवून प्लेट करायची. उद्या गुरुवार आहे. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे गृहीतच. म्हणून ताई आज रात्री आठपर्यंत थांबतात, यूपीएस दोनदा ओरडतो, दोन्ही वेळा त्यांचा हात आपसूक ‘सेव्ह’कडे जातो.

छापखान्यातला भाग मी थोडक्यात उरकतो. तिथला आवाज लिहिण्यात मजा नाही, तो ऐकायचा असतो. मशिनमन पहिला चांगला ताव ओढून तुमच्यापुढे धरतो. चोवीस-पंचवीस शेजारी शेजारी, अखंड, पुलाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. दोन खांबांच्या मधोमध घडीची खूण. काका ताव उजेडात धरतात आणि मागच्या पानाची खूण जुळतेय का एवढंच बघतात. कौतुक कोणी करत नाही. पुण्यात आहात.

आता पुढे चला, पंधरा वर्षं एका उडीत. २०१२. ॲडोबीचं पुढचं सॉफ्टवेअर इनडिझाइन १९९९ सालीच आलंय, पण त्यातही मराठी पानं कित्येक वर्षं त्याच जुन्या चितारलेल्या फॉन्टांत लागत होती. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत, १९९१ पासून जागा आहे. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने काढलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट विंडोजमध्ये येऊनही बरीच वर्षं झाली. तरी छापील पान तिकडे वळत नव्हतं, कारण पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरलाच जोडाक्षर जुळवता येत नव्हतं. इनडिझाइनच्या २०१२च्या सीएस६ आवृत्तीत भारतीय लिपी जाणणारा कंपोझर मिळाला. परिच्छेदाच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ निवडावं लागतं. विसरलात तर पहिली वेलांटी अजूनही अक्षराच्या मागे उभी राहते. निवडलंत की प्रथमच या सॉफ्टवेअरला कळतं की ‘बोगदा’ हा ‘बोगदा’ आहे. शोधता येतो, बदलता येतो, फॉन्ट बदलला तरी तो ‘बोगदा’च राहतो.

आणि याच वर्षी कोणीतरी तुमच्याकडे ती १९९७ची फाइल घेऊन येतं. कोकण रेल्वेवरचा लेख पुस्तकात घ्यायचाय. फाइलच्या नावापुढे पी-सहा-पाच. सीएस६ अशा फाइली उघडू शकतं. त्यानंतरच्या इनडिझाइन सीसीने ती सोयही काढून टाकली आहे. फाइल उघडते, पूल नाही, कारण मोठं चित्र झिप डिस्कवर होतं आणि ती डिस्क कुठे आहे कोणास ठाऊक. मजकूर आहे, पण डोंगलवाला फॉन्ट नाही. म्हणून पडद्यावर टोप्या घातलेल्या युरोपी अक्षरांचा तोच ढीग. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलात तर बरंच मराठी परत येतं. पण कोकणातल्या ‘दऱ्या’चा कन्व्हर्टरने ‘दर्या’ केलेला असू शकतो. डोंगरात समुद्र. काका आता नाहीत, म्हणून ते कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. कागद पिवळा पडला असला तरी ती पानं आजही डोळ्यांनी वाचता येतात. १९९७ची छापील प्रत कुठे मिळाली तर तीही वाचता येईल. अडचण आहे ती मराठी डीटीपी आल्यापासून २०१२पर्यंतच्या हजारो फाइलींची, ज्या प्रकाशकांच्या, डीटीपीवाल्यांच्या आणि संपादकांच्या कपाटांत पडून आहेत आणि ज्यांना सगळे ‘आपल्याकडे सॉफ्ट कॉपी आहे’ असं समाधानाने म्हणतात. नुसत्या फाइलीला सॉफ्ट कॉपी म्हणू नका. फॉन्ट, चित्रं आणि ती उघडणारं सॉफ्टवेअर सोबत नसेल तर तुमच्याकडे काहीच नाही.

तेव्हा तुमच्या घरात, कार्यालयात, माहेरच्या माळ्यावर अशा सीडी, फ्लॉप्या, झिप डिस्क असतील तर या दिवाळीच्या आवराआवरीत त्या टाकू नका. पेजमेकर चालणारं जुनं यंत्र अजून कित्येक छापखान्यांत धूळ खात उभं आहे. त्याचा डोंगल चालतोय तोवर प्रत्येक अंकाची फॉन्टसकट पीडीएफ काढून घ्या. मजकुराचं युनिकोड नंतर करता येईल, आणि ते करताना शेजारी छापील अंक उघडा ठेवून, ऱ्या आणि र्या तपासत, माणसाकडूनच वाचून घ्या. एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या.